अळणीबाईंची पुस्तकं

"अकरा नंबर विचारतोय, आज काय बेत आहे म्हणून."

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर दवाखान्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कोपरं टेकून उभ्या होत्या. आत दीडशे रोग्यांचा भात शिजत होता आणि वाफेनं समोरचं माणूस दिसत नव्हतं. भांडी घासणारी बाई हसता हसता पातेल्यात पडायची राहिली.

"अकरा नंबर? तो नळीवाला? त्याला काय करायचाय बेत? नाकातून तर जाणार!"

"मीही तेच म्हटलं. तर पाटीवर लिहून दाखवतो, घसा कापलाय, अक्कल नाही कापली."

अळणीबाई हसल्या नाहीत. त्या बाजूच्या लहान ओट्यावर फडक्यातून पेज गाळत होत्या. ती पेज अकरा नंबरचीच होती. तांदूळ, दूध, अंडं आणि दोन चमचे तेल एकजीव करून तीनदा गाळायचं. एखादं शीत राहिलं की नळी तुंबते आणि मग वरून बोलणी येतात. फडकं पिळताना त्यांच्या उजव्या मनगटात नेहमीची कळ आली आणि गेली. या स्वयंपाकघरात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. जेवण कसं झालंय ते पुष्कळांनी, न विचारता, त्यांना सांगितलं होतं. आज काय बेत आहे, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तेवढंच. त्या पथ्याचा स्वयंपाक बघायच्या. कुणाला मीठ बंद, कुणाला साखर बंद, कुणाला तेल बंद, कुणाला सगळंच बंद. कुण्या एका वैतागलेल्या रोग्यानं फार वर्षांपूर्वी "त्या अळणीबाईला बोलवा" असा आरडाओरडा केला, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता नवीन आलेले डॉक्टरसुद्धा त्याच नावानं हाक मारायचे. सुरुवातीला त्यांना राग आला होता. पुढे रागावायलाही ताकद लागते हे लक्षात आलं. निवृत्तीला सात महिने उरले होते.

त्या दिवशी बाटल्या वर नेणारा माणूस आला नव्हता. बारा वाजताची बाटली घेऊन अळणीबाई स्वतःच जिना चढल्या. लिफ्ट रोग्यांसाठी होती आणि त्यांचे गुडघे अजून रोग्यांत मोडत नव्हते.

अकरा नंबर खिडकीजवळ होता. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. पण आता ते खांदे खुंटीला अडकवलेल्या कोटासारखे दिसत होते. गळ्याला पट्टी, नाकात नळी, मांडीवर शाळेतल्या पोराची असते तसली पाटी. अळणीबाईंची नजर मात्र त्याच्या हातांवर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने, पांढरे पडलेले आडवे वण होते. एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे.

"भट्टी?" त्यांनी विचारलं.

माणसाचे डोळे एकदम जागे झाले. त्यानं बोटांनी चार दाखवले, मग एक. एकेचाळीस वर्षं. मग पाटी उचलून लिहिलं, 'पाव. बिस्किटं. केक. आज काय?'

"तांदळाची पेज. दूध, अंडं, थोडं तेल. तीनदा गाळलेली."

'मीठ?'

"नाही."

त्यानं असं काही तोंड केलं की शेजारच्या दहा नंबरला हसू फुटलं. आवाज न निघता तो माणूसही हसला, खांदे हलवून. आणि मग त्यानं बोट केलं ते अळणीबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीकडे. पिशवीतून एका जाडजूड पुस्तकाचा कोपरा बाहेर आला होता. मुखपृष्ठ गेलेलं, पण पहिल्या पानावर पावाचं मोठं चित्र होतं.

अळणीबाई लाजल्या. एखाद्यानं चोरून खाताना पकडावं तशा.

"बसमध्ये वाचते," त्या म्हणाल्या. "नुसतं वाचते. करत काही नाही."

ते खरंच होतं. अळणीबाईंकडे पाककृतींची एकशे चौतीस पुस्तकं होती आणि त्यातली एकही कृती त्या करत नव्हत्या. पहिलं पुस्तक दवाखान्यातच मिळालं होतं. कुणी रोगी बरा होऊन जाताना उशीखाली विसरला, आणि महिनाभर वाट बघून त्यांनी ते घरी नेलं. मग नाद लागला. रद्दीवाल्याकडे त्या दर पंधरवड्याला जायच्या. त्यानं त्यांच्यासाठी एक खोकं वेगळं ठेवलं होतं, आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा की त्यांचं मोठं हॉटेल आहे.

लोक कादंबऱ्या वाचतात तशी त्या ती वाचायच्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही कृती न गाळता. हळूहळू त्यांना लिहिणारी माणसं ओळखता येऊ लागली. ज्यानं जन्मात भांडी घासली नाहीत तो एका कृतीला सात भांडी लावतो. 'डाळिंब आदल्या रात्री सोलून ठेवावे' असं शेवटच्या ओळीत सांगणारा दुसऱ्याच्या जिवावर उठलेला असतो. आणि जो लिहितो, 'कांदा पहिल्यांदा करपेल, करपू दे, दुसरा घे,' त्याच्या घरी जाऊन राहावंसं वाटतं. जुन्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांना सगळ्यात आवडायचं. 'साखर निम्मी.' 'पाहुण्यांना आवडले, यांना नाही.' एका ठिकाणी नुसतंच, 'पुन्हा करणार नाही.' त्या तीन शब्दांवरून अळणीबाईंनी एक अख्खा संसार डोळ्यांसमोर उभा केला होता.

एकदाच त्यांनी खरोखर एक सूप केलं होतं. अकरा जिन्नस, सबंध रविवार. नवऱ्यानं निम्मा वाडगा संपवला आणि म्हणाला, "छान आहे हो. मीठ आहे का घरात?" पुढे त्याच नवऱ्याला रक्तदाब निघाला, मग साखर निघाली, आणि घरातली चूलही अळणी झाली. दिवसभर दवाखान्यात अळणी, संध्याकाळी घरी अळणी. तोंडाला चव म्हणून काय ती पुस्तकांचीच.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा खिडकीत आल्या. "बाई, अकरा नंबरनं निरोप पाठवलाय. पुस्तक आणा म्हणतोय. आणि वाचायला या. स्वतः वाचायला घेतलं की तो चार ओळींत दमतो."

दोन ते अडीच ही अळणीबाईंची जेवायची सुट्टी. त्यांनी चार घास उभ्यानं खाल्ले आणि वर गेल्या.

सुरुवातीला त्यांनी शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, एका सुरात, धापा टाकत. भट्टीवाल्यांनी, अकरा नंबरला त्या मनात आता असंच म्हणायच्या, पलंगाच्या दांडीवर टकटक केली. पाटीवर लिहिलं, 'हळू. घाई कुठे आहे?' मग त्या हळू वाचू लागल्या. लोण्याच्या पापुद्र्यांच्या पावाची कृती होती. मैदा, खमीर, कोमट दूध. मळणं. झाकून ठेवणं. भट्टीवाल्यांनी डोळे मिटले. पांघरुणावर त्यांची बोटं हलायला लागली, तळहात पुढे जायचा, मुडपायचा, मागे यायचा. पुस्तकात आलं, 'लोणी मऊ करून पसरावे,' आणि एकदम टकटक. डोळे उघडून त्यांनी रागानं लिहिलं, 'चूक! लोणी थंड. दगड. नाहीतर पापुद्रे कसले, चिखल होतो.'

"पुस्तकात तर..."

'पुस्तकाला भट्टी माहीत नाही.'

दहा नंबरचा साखरेचा रोगी उशी पाठीशी घेऊन बसला होता. "बाई, जरा मोठ्यानं वाचा," तो म्हणाला, "इकडेही माणसं राहतात."

असं पंधरा दिवस चाललं. अळणीबाईंचे पाय तेवढेच दुखत होते, जिना तेवढाच होता. पण दोन वाजायला आले की त्या ओट्यावरचं घड्याळ बघायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी जे एकटीनं वाचलं होतं त्याच्याबद्दल कुणाशी बोलता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं. भट्टीवाले पाटीवर लिहायचे, पुसायचे, लिहायचे. ओल्या दिवसात पीठ जास्त पाणी पितं. पाव शिजला का ते उलटा करून ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला पाहिजे. पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाला मित्र नसतात. हे शेवटचं लिहून त्यांनी लगेच पुसून टाकलं. सिस्टरनी अळणीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "आधी दोनदा नळी उपसून टाकली होती त्यानं. तुम्ही येताय तेव्हापासून हात नाही लावला."

सोळाव्या दिवशी भट्टीवाल्यांची लेक आली. आठवड्यातून एकदा, घरची बेकरी बंद असायची त्या दिवशी ती यायची, पण संध्याकाळी. त्या दिवशी दुपारीच आली. अळणीबाई नारिंगाच्या सालीचा केक वाचत होत्या. भट्टीवाल्यांचे डोळे मिटलेले होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्हीकडून, उशीवर. अळणीबाईंचं डोकं पुस्तकात होतं. त्यांना ते दिसलं नव्हतं. लेकीला पहिलं तेच दिसलं.

"काय चाललंय हे?"

तिशीतली बाई होती, बापासारखे रुंद खांदे, डोळ्यांखाली काळं. तिनं अळणीबाईंच्या हातातलं पुस्तक बघितलं, पान बघितलं, आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. आत दांडीवर टकटक होत होती.

"तुम्ही कोण?"

"मी खालच्या स्वयंपाकघरात..."

"वाटलंच. तुम्हाला माहितेय ना त्यांना पाण्याचा घोटसुद्धा गिळता येत नाही? सात आठवडे झाले. आणि तुम्ही त्यांच्यासमोर बसून केक वाचता? उपाशी माणसाला ताट दाखवून दाखवून काढून घेतात, त्यातला प्रकार झाला. रडतायत ते, दिसत नाही तुम्हाला?"

"त्यांनीच बोलावलं होतं," अळणीबाई म्हणाल्या. पण आवाज असा निघाला की त्यांचा त्यांनाच तो खोटा वाटला.

"बोलावतील! आयुष्य गेलंय त्यांचं त्यात. तुम्हाला नको का कळायला?"

लेक भांडखोर नव्हती. बोलता बोलता ती मनगटानं स्वतःचेच डोळे पुसत होती. तक्रार झाली. आहार विभागाच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, स्वयंपाकघरातल्या माणसांनी वॉर्डात जायचं नाही, नियम आहे, सात महिने राहिलेत तर कागद खराब करून घेऊ नका. मॅडम ओरडल्या नाहीत. त्याही दमलेल्याच असायच्या.

त्या संध्याकाळी अळणीबाईंनी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. नवऱ्यापुढे उकडलेला भोपळा आणि भाकरी ठेवली. नवरा पूर्वी टपालात शिक्के मारायचा. बोलणंही तसंच, एक ठोका आणि संपलं.

"आज वाचत नाहीयेस?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "खरं सांगा, मी छळत होते का त्या माणसाला? तिचं म्हणणं खोटं नाही. मला माझी हौस. ऐकणारं मिळालं म्हणून मी वाचत सुटले."

नवऱ्यानं घास चावून संपवला. "मला साखर निघाली तेव्हा तू काय केलंस, आठवतं? बाजारात जाताना मिठाईच्या दुकानावरून न्यायचीस ना मला, ती वाट बदललीस. लांबून, गटाराच्या बाजूनं न्यायला लागलीस."

"तुमच्यासाठीच ना?"

"हो, माझ्यासाठीच. पण मला राग यायचा. मला नुसतं बघायचं असायचं गं. काय नवीन मांडलंय, कोण घेतंय. खायचं बंद झालं म्हणून काय दुकानानंच मरायचं?"

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू एवढी चालायचीस माझ्यासाठी. काय बोलणार!" तो ताट घेऊन उठला. "भोपळा बरा झालाय."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर खिडकीत आल्या, पण कोपरं न टेकता. "बाटल्या भरलेल्याच परत येतायत, बघितलंत ना? चिमटा लावून बंद करतो नळी. मी उघडते, तो लावतो. डॉक्टर रागावले, लेक रडली. काही नाही."

"मी येऊ शकत नाही, सिस्टर."

"मी या म्हणाले का? मी सांगितलं फक्त."

अळणीबाई परत आपल्या ओट्याशी आल्या. नऊची बाटली भरली, बूच लावलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लागायची, वॉर्ड, पलंग, वेळ, आणि खाली घटक. त्यांनी लिहिलं, तिसरा मजला, अकरा, सकाळी नऊ. घटक: तांदूळ, दूध, अंडे, तेल. आणि थोडी जागा उरली होती. त्यांनी क्षणभर मागे बघितलं. भांडी घासणारी बाई पाठमोरी होती. अळणीबाईंनी अक्षर बारीक करून लिहिलं, 'पापुद्र्यांचा पाव. मैदा चाळून घ्या. लोणी थंडच, दगड.'

बाराच्या बाटलीवर लिहिलं, 'पीठ मळून झाकून ठेवा. दुप्पट होईल. घाई कुठे आहे?'

तीनच्या बाटलीवर, 'पीठ चौकोनी लाटा. लोणी मधे. चारही बाजूंनी पाकिटासारखं मिटा.'

संध्याकाळच्या दोन बाटल्या त्या निघण्याआधी भरून थंड कपाटात ठेवायच्या. त्यांच्यावरही एकेक ओळ गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही बाटल्या रिकाम्या होऊन खाली आल्या, धुवायला. एकीवरही चिठ्ठी नव्हती. सोलून घेतलेली होती, हलक्या हातानं, डिंकाचा डागसुद्धा न ठेवता.

मग तोच क्रम पडला. पहिली घडी. विश्रांती. दुसरी घडी. विश्रांती. पुस्तकात एका पानावर जे होतं ते अळणीबाई दिवसदिवस पुरवून लिहीत, कारण चिठ्ठी दोन बोटांची आणि बाटल्या दिवसाला पाचच. रात्री अंथरुणावर पडल्या की उद्याच्या ओळी जुळवायच्या. पुस्तकातल्याच ओळी, पण त्या आता तशाच्या तशा उतरवायला त्यांचं मन घेईना. 'लाटणं दाबू नका, झोपलेल्या पोराला उठवाल,' असं त्यांनी एकदा लिहिलं आणि मग दिवसभर त्यांना स्वतःचं नवल वाटत राहिलं.

एकदा आहाराच्या मॅडम अचानक आल्या. ओट्यावरची बाटली उचलून चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. 

"हे काय आहे?"

"घटक."

"'तिसऱ्या घडीनंतर पीठ तुमच्याशी भांडेल, भांडू द्या.' हा घटक आहे?"

अळणीबाईंनी पदराला हात पुसले. "त्या रोग्याचा आहे, मॅडम."

मॅडमनी बाटली फिरवून चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग ती होती तिथे ठेवून म्हणाल्या, "हे उद्यापासून दिसता कामा नये." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाटल्यांच्या ओट्याकडे यायच्याच बंद झाल्या. तेवढं त्यांना करता येत होतं, तेवढं त्यांनी केलं.

अकराव्या दिवशी सिस्टरनी सकाळी सातलाच निरोप आणला. अकरा नंबरला घरी पाठवतायत. बरा झाला म्हणून नव्हे. पुन्हा तपासणी केली, पसरलंय, आता इथे ठेवून उपयोग नाही. लेक नऊला गाडी घेऊन येणार आहे.

नऊची बाटली भरून तयार होती. चिठ्ठ्यांतले पाव कापून, गुंडाळून, फुगायला ठेवलेले होते. अंड्याचा हात फिरवायचा होता आणि मग भट्टी. अळणीबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, 'वरून अंडं लावा. भट्टी चांगली तापू द्या. मग' आणि तिथे जागा संपली. बाराला पुढचं लिहू असं हाताला वाटलं होतं, सवयीनं. बाटली वर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाराची बाटली नाही. त्यांनी जिन्याकडे बघितलं. मग भात उतू जायला लागला म्हणून वळल्या.

महिना गेला. कामाचं म्हणाल तर अकरा नंबरला दुसरा रोगी आला, त्याला चावून खाता येत होतं. अळणीबाईंनी बसमध्ये पुस्तक उघडलं, पण दोन पानांपुढे जाईना. रद्दीवाल्यानं निरोप धाडला, खोकं भरलंय, तरी त्या गेल्या नाहीत. नवऱ्यानं एकदा विचारलं, "संपली का पुस्तकं?" त्या म्हणाल्या, "डोळे दुखतात."

एके दिवशी तीनला काम सुटलं. दवाखान्याच्या मागच्या दाराशी भट्टीवाल्यांची लेक उभी होती. अळणीबाईंना वाटलं, चिठ्ठ्यांचं कळलं असणार. त्या तिथेच थांबल्या, पिशवी छातीशी धरून.

"बाबा गेले," लेक म्हणाली. "अठरा दिवस झाले."

"हं," अळणीबाई म्हणाल्या.

"त्या चिठ्ठ्या त्यांनी पाटीच्या पाठीला लावल्या होत्या. ओळीनं. घरी आणल्यावर मला दाखवल्या, वाच म्हणाले. मी नाही म्हटलं. दोन दिवस नाही म्हटलं." ती दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होती. "तिसऱ्या दिवशी वाचल्या. शेवटची अर्धीच. 'मग' म्हणून तुम्ही सोडून दिलंत."

"जागा नव्हती हो चिठ्ठीवर."

"हो ना. पण ते काही ऐकेनात. मग काय, मग काय, पाटी वर करून. आता मला काय ते ठाऊक नाही होय? पंधरा वर्षं भट्टीवर उभी आहे. मी सांगायला लागले. किती आच, कुठल्या कप्प्यात, दार कधी उघडायचं. तर म्हणाले, चूक. दार उघडायचंच नाही." तिला हसू आलं आणि तोंड वाकडं झालं. "मग रोज एक पदार्थ. मी सांगायचा, त्यांनी चूक काढायची. मावशी, आमचं दुकानात पंधरा वर्षं बोलणं व्हायचं ते ट्रे इकडे, पीठ तिकडे एवढंच. शेवटच्या दिवसांत काय ते बोललो."

अळणीबाईंनी मान हलवली.

"मी तुम्हाला वाटेल तसं बोलले त्या दिवशी."

"तुमच्या जागी मी असते तर मीही बोलले असते," अळणीबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

"तुमची सुट्टी कधी असते?"

पुढच्या गुरुवारी अळणीबाई बेकरीत गेल्या. दोन बस बदलून, घरातली नीट इस्त्रीची साडी नेसून. दुकान लहानसं होतं. पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी, आणि भिंतीशी दोन खुर्च्यांचं एकच मेज. कपाटापुढे पाच-सहा गिऱ्हाइकं होती. लेकीचे हात कोपरापर्यंत पिठानं माखले होते. तिनं अळणीबाईंना बघितलं, बोटानं खुर्ची दाखवली आणि आत गेली.

थोड्या वेळानं तिनं एक थाळी आणून ठेवली. लोण्याच्या पापुद्र्यांचा पाव, भट्टीतून आत्ता काढलेला. अळणीबाईंनी त्याच्याबद्दल निदान नऊ पुस्तकांत वाचलं होतं. खाल्ला कधीच नव्हता. त्यांनी कड मोडली, तर पापुद्रे सुटून थाळीभर झाले आणि आतून वाफ आली. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला.

"कसा झालाय?" लेक बाजूलाच उभी होती, हात पुसत. गिऱ्हाइकांची रांग मागे वळून बघत होती.

अळणीबाईंनी तिच्याकडे बघितलं. गालाची हाडं वर आली होती. ओठ सुकलेले. सव्वीस वर्षं रोग्यांची ताटं भरणाऱ्या बाईला एवढं बघणं पुरे होतं.

"तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय?"

"वेळ कुठे मिळतो. एकटीच असते आता."

"बसा."

"गिऱ्हाइकं आहेत, मावशी."

"थांबतील. बसा आधी."

लेक बसली, खुर्चीच्या काठावर, उठायच्या बेतात. अळणीबाईंनी पाव मधोमध तोडला, मोठा अर्धा तिच्यापुढे सरकवला. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिची मान खाली गेली आणि ती भराभर खायला लागली, लहान मूल खातं तशी, पापुद्रे हनुवटीला चिकटवत. रांगेतल्या कुणीतरी काचेवर टिचकी मारली. अळणीबाईंनी तळहात वर करून त्याला थांबवलं.

मग त्या खुर्ची जराशी वळवून रस्त्याकडे बघत बसल्या, तिनं सावकाश खावं म्हणून.